पुन्हाबाईंचा तिसरा रकाना

"पुन्हा" हा शब्द दिवसातून किती वेळा ऐकला की माणसाचं डोकं फिरतं, हे मी अनुभवानं सांगू शकते. पहिल्या दहा वेळा काही वाटत नाही. विसाव्यांदा कान तापतात. चाळिसाव्यांदा हातातली वस्तू फेकून द्यावीशी वाटते. आमच्या हातात असायचा तो सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे दवाखान्यातली सगळ्यांत महाग वस्तू, त्यामुळे तीही सोय नव्हती. बाळाच्या मांडीचं हाड पडद्यावर आणावं, दोन टोकांमधलं अंतर मोजावं आणि शाबासकीच्या आशेनं मागं वळून बघावं, तर खुर्चीतून शिकवणाऱ्या बाईंचा आवाज यायचा, "पुन्हा." का, ते त्या सांगत नसत. आवाज चढत नसे, चष्मा हलत नसे. पोटावर जेली वाळायला लागलेली ती बिचारी बाई आमच्याकडे बघायची आणि आम्ही छताच्या पंख्याकडे.

त्यांचं नाव आम्ही पहिल्याच आठवड्यात पुन्हाबाई ठेवलं. आम्ही म्हणजे मी, टेक्निशियन जिग्नेश आणि कमळी सिस्टर. जिग्नेश वापीचा, तो गुजरातीत त्यांना "फरीथी मॅडम" म्हणायचा. दिवस संपला की, या मला वेडा करून सोडणार अशा अर्थानं, कपाळावर हात मारून म्हणायचा, "डॉक्टरबेन, आ तो मने गांडो करी नाखशे." कमळी सिस्टर इथल्याच, खानवेलकडच्या. त्या काहीच बोलायच्या नाहीत, पण बाईंची जीप फाटकातून आत आली की घटाघटा पाणी पिऊन घ्यायच्या. मी मात्र बोलायचे, आणि पुष्कळ बोलायचे. त्यांच्यावरचा माझा वैताग आजही पुरता उतरलेला नाही. तरी त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे, कारण त्या माझ्यामागं नसताना मी एका बाईच्या कागदावर एक शब्द उमटवला आणि तिला तो फार महागात पडला. त्यानंतर पुन्हाबाईंनी मला एक वाक्य तीनदा म्हणायला लावलं. त्या वाक्याविषयी लिहायचं, तर आधी त्यांच्याविषयी लिहायला हवं.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. करात सवलत म्हणून सिल्वासाच्या आजूबाजूला कारखाने नुसते उगवत होते. माझे यजमान सायलीच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात इंजिनियर, म्हणून मी नाशिकहून एमबीबीएसची पदवी घेऊन इथं आले आणि या ट्रस्टच्या दवाखान्यात लागले. मसाट, गलोंडा इथल्या चाळींतून बायका यायच्या. धुळ्याकडच्या, साक्रीकडच्या, डहाणूच्या, बिहारच्या, आणि आसपासच्या पाड्यांवरच्या. कुणा कारखानदारानं दवाखान्याला सोनोग्राफीचं यंत्र देणगी दिलं होतं. ते कुणालाच नीट चालवता येत नसल्यामुळे त्यावर भरतकामाचं कापड घालून ठेवलं होतं, घरातल्या टीव्हीवर घालतात तसं. मग आमच्या एका विश्वस्तांनी पुण्याच्या एका निवृत्त तज्ज्ञ बाईंच्या मागं लागून लागून त्यांना दोन वर्षांसाठी इथं आणलं. काम एकच: गरोदर बाईच्या पोटातल्या बाळात काही व्यंग आहे का, हे वेळेत ओळखायला आम्हाला शिकवणं.

बाई आल्या त्या दिवशी मी गुलाबाचं फूल घेऊन उभी होते. त्यांनी ते घेतलं, बाकावर ठेवलं आणि विचारलं, "इथं चायना ग्रास मिळतं का?" मिळत होतं. दवाखान्याच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्यांत मोठ्या पातेल्यात त्यांनी त्याचा घट्ट पांढरा गोळा बसवला आणि त्यात आमच्या पाठीमागं काहीबाही पुरलं. भेंडी, वाटाणे आणि लाकडी मण्यांची एक माळ. मग आम्ही तिघांनी त्या गोळ्यावर प्रोब फिरवून आत काय आहे ते सांगायचं. भेंडी लगेच सापडली. माळही सापडली. "पाठीचा कणा," जिग्नेश खुशीत म्हणाला. "पुन्हा," बाई म्हणाल्या. आम्ही तासभर त्या गोळ्यावर प्रोब घासला तेव्हा कुठं कमळी सिस्टरना दिसलं की माळेतला खालून तिसरा मणी काढून टाकलेला आहे. बाई तेव्हा पहिल्यांदा हसल्या. दुसऱ्या दिवशी नवा गोळा, तीच माळ, मणी दुसरीकडचा गायब. असं महिनाभर. त्या महिन्यात घरी कुणी मला खीर वाढली तरी मी आधी चमच्यानं ढवळून बघायचे.

सगळ्यांत संतापजनक गोष्ट म्हणजे त्या आमच्या हातून प्रोब कधीच घेत नसत. दहा मिनिटं धडपडूनही बाळाच्या हृदयाचे चार कप्पे पडद्यावर येत नाहीत, बाहेर वीस बाया पाणी पिऊन ताटकळत बसल्या आहेत, अशा वेळी कोणताही सज्जन माणूस म्हणेल, सरा, मी दाखवते. या म्हणायच्या, "मनगट सैल सोडा. पुन्हा." मी एकदा न राहवून म्हणाले, "मॅडम, तुम्ही एकदा करून दाखवा ना, दोन मिनिटांचं काम आहे." त्यावर म्हणाल्या, "माझे हात माझ्याबरोबर पुण्याला जाणार आहेत, डॉक्टर. तुमचे इथं राहणार आहेत." मला तेव्हा ते उत्तर नुसतं खडूस वाटलं.

आणि मग तो कागद. आम्ही अहवालावर 'नॉर्मल' असं लिहायचो, सगळीकडे लिहितात तसं. बाईंनी पहिल्याच दिवशी त्या शब्दावर बंदी घातली. "नॉर्मल म्हणजे काय पाहिलंत?" असं विचारायच्या. त्यांनी स्वतः एक तक्ता आखून सायक्लोस्टाइल करून आणला. डावीकडे अवयवांची नावं: कवटी, मेंदू, हृदय, जठर, मूत्रपिंडं, कणा, हातपाय. पुढं तीन रकाने. पहिला 'दिसलं', दुसरा 'पाहिलं, पण दिसलं नाही', तिसरा 'पाहिलंच नाही'. खाली जिग्नेशसाठी गुजरातीत. तिसऱ्याचं गुजराती त्यानं स्वतःच करून दिलं, 'जोयुं ज नथी', आणि मग डोक्याला हात लावून बसला, कारण आता आपणच आपल्या सहीनं लिहून द्यायचं होतं की साहेब, आम्ही हे पाहिलं नाही. मी वाद घातला. म्हटलं, मॅडम, असा कागद हातात पडला तर लोक म्हणतील या पगार कशाचा घेतात? बाई म्हणाल्या, "दुसरा रकाना बाळाबद्दल सांगतो. तिसरा आपल्याबद्दल सांगतो. म्हणून तो भरायला जड जातो." तिसऱ्या रकान्यात खूण केली की त्या बाईला आठवड्याभरात परत बोलवायचं, हा नियम. तेवढ्यासाठी मसाटहून रिक्षात कोंबून पुन्हा यायचं, खाडा करायचा. बायका आमच्यावर चिडायच्या आणि आम्ही पुन्हाबाईंवर.

आठवड्यांचा हिशेब हे तर रोजचंच रणांगण. व्यंग असेल आणि ते विसाव्या आठवड्याच्या आत कळलं, तर पुढं काय करायचं हे आईबापांना ठरवता येत असे. त्यानंतर तेव्हाच्या कायद्यानं दार बंद. त्यामुळे शेवटची पाळी कधी आली, या प्रश्नाला फार मोल. उत्तर मात्र तारखेत कधीच मिळायचं नाही. धुळ्याकडची अक्षय्य तृतीयेचा हवाला देत सांगायची, "आखाजीले माहेरी गयथू, तवा." पाड्यावरची सांगायची होळीच्या आसपास. एक बिहारची बाई म्हणाली, "चइत लगते ही आया था, फिर नहीं आया." मी ऐटीत चैत्र पाडव्यापासून आठवडे मोजले. बाळ हिशेबापेक्षा मोठं भरलं, म्हणून मी तिला साखर तपासायला पाठवलं. पुन्हाबाईंनी कागद बघितला आणि विचारलं, "हिचा चैत कधी लागतो?" मी म्हटलं, पाडव्याला. "तो तुमचा. तिचा होळीच्या दुसऱ्या दिवशी लागतो." उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला, हे मला शाळेत कधीतरी शिकवलं होतं आणि मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. मी म्हटलं, "पंधरा दिवसांचाच फरक, मॅडम." त्या म्हणाल्या, "तुम्हाला तो पंधरवडा आहे. तिला तो दरवाजा आहे." दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर मराठी कॅलेंडरशेजारी हिंदी पंचांग लटकलं, त्याच्याशेजारी गुजराती, आणि कमळी सिस्टर खाली पेन्सिलीनं पाड्यांवरचे सण लिहायला लागल्या. खोली एखाद्या ज्योतिषाच्या दुकानासारखी दिसायला लागली.

त्या काळात महाराष्ट्रात मुलगा की मुलगी हे सांगायला कायद्यानं बंदी होती, आमच्याकडे, केंद्रशासित प्रदेशात, ती अजून यायची होती, आणि हद्द तर हाकेच्या अंतरावर. त्यामुळे मोटारीतून माणसं यायची. एक मुंबईचे मॅनेजर सुनेला घेऊन आले. सभ्य गृहस्थ, सरळ विचारणार कसे? तपासणी झाल्यावर हळूच बाईंच्या जवळ सरकले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही काही सांगू नका. पेढे आणू की बर्फी, एवढंच." मुलाचे पेढे आणि मुलीची बर्फी हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पुन्हाबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चिवडा आणा. तो दोघांनाही चालतो." जिग्नेश हसू आवरायला यंत्राच्या मागं जाऊन बसला. ते गृहस्थ परत आले नाहीत. विश्वस्तांकडे तक्रार मात्र आली.

हे सगळं चालू असताना त्यांनी आम्हाला लिंबाचा धडा दिला, तोही इथंच सांगायला हवा. बाजारातून एक लिंबू आणि एक केळं आणलं. बाळाच्या कण्यात खाली कुठं फट राहिली असेल, तर पुष्कळदा त्याची खूण वर डोक्यात दिसते. कवटी पुढच्या बाजूला दोन्हीकडून चेपल्यासारखी होते, लिंबाच्या टोकासारखी, आणि मागचा लहान मेंदू केळ्यासारखा वाकतो. "बाळ पाठ दाखवत नसेल तर डोकं बघा. डोक्यात लिंबू दिसलं की पाठीकडे धावा," त्या म्हणाल्या आणि ते लिंबू आमच्या प्रत्येकाच्या तळहातावर ठेवून डोळे मिटून चाचपायला लावलं. तीनदा. मग त्याच लिंबाचं सरबत करून आम्हाला पाजलं. सरबतात साखर कमी होती, हेही मला आठवतंय.

वर्षभरात आम्ही बऱ्यापैकी तयार झालो होतो आणि माझा वैतागही. तिसऱ्या रकान्यापायी परत येणाऱ्या बायांनी ओटा भरून जायचा. अशातच भाचीच्या लग्नासाठी बाई आठवडाभर पुण्याला गेल्या. त्याआधी पंधरा दिवस मी वापीहून गुपचूप एक रबरी शिक्का करून आणला होता: 'सर्व अवयव नॉर्मल'. जिग्नेशला तो दाखवला तेव्हा त्याला सुटीच मिळाल्यासारखं झालं. बाईंची जीप फाटकाबाहेर पडली आणि मी शाईचं पॅड उघडलं. त्या आठवड्यात ओटा दुपारच्या आत रिकामा झाला. आम्ही तिघं वेळेवर जेवलो. मला वाटलं, हे आधीच करायला हवं होतं.

त्या आठवड्यात वंदना आली. साक्रीकडची, विशीतली, पहिलटकरीण. नवरा मसाटला धाग्याच्या कारखान्यात, बरोबर सासू. एकोणिसावा आठवडा होता. बाळ उताणं पडलेलं, पाठ पार खाली, आईच्या पाठीकडे. अशा वेळी आईला फेऱ्या मारायला लावायच्या, कुशीवर वळवायचं, अर्ध्या तासानं परत बघायचं, नाहीच जमलं तर तिसरा रकाना. मला हे सगळं पाठ होतं. पण दोनदा वीज गेली होती, तिच्या नवऱ्याची तीनची पाळी होती आणि तो दारातून सारखं घड्याळ बघत होता. मी डोकं मोजलं, हृदय बघितलं, मांडीचं हाड मोजलं. "ताई, बरं शे ना?" तिनं विचारलं. मी "हो हो, छान आहे" म्हटलं आणि शिक्का मारला. ती इतकी गोड हसली की मलाही बरं वाटलं.

त्या शिक्क्यानं काय केलं ते मला नंतर कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. डॉक्टरणीनं नॉर्मल लिहून दिलंय, मग इथं कशाला राहायचं, म्हणून सातव्या महिन्यात सासूनं तिला साक्रीकडे पाठवलं. बाळ घरीच झालं. मुलगा. पाठीवर खाली कण्याची फट उघडी आणि त्यावर पातळ पिशवीसारखी गाठ. ती फुटली. तालुक्याला नेलं, तिथून धुळ्याला, तिथून मुंबईला. मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, पोटात असताना कळलं नव्हतं का? कळलं असतं तर बाळंतपण इथंच केलं असतं, पहिल्या दिवशीच पाठ शिवली असती. नवव्या दिवशी ते बाळ तापानं गेलं.

वंदनाचा नवरा दवाखान्यात आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. त्यानं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला, टेबलावर ठेवून हातानं सपाट केला आणि म्हणाला, "मॅडम, हे नॉर्मल होतं ना?" तो भांडायला आलेला नव्हता. खरोखर विचारत होता. पुन्हाबाई शेजारच्या खुर्चीत होत्या. त्यांनी कागद उचलला, शिक्का बघितला, माझी सही बघितली. त्याला बसवलं, पाणी दिलं, सगळं विचारून घेतलं आणि दोन दिवसांनी आम्ही घरी येतो असं सांगून त्याला पाठवलं. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी वंदनाच्या तपासणीचे ठेवलेले फोटो काढायला सांगितले आणि डोक्याचा फोटो माझ्यापुढं धरला. "काय आहे हे?"

लिंबू होतं. मीच काढलेला फोटो, मीच त्यावर मापाच्या दोन फुल्या मारलेल्या, आणि कवटी पुढून दोन्हीकडून चेपलेली, तळहातावर तीनदा ठेवलेल्या त्या लिंबासारखी. माझ्या डोळ्यांसमोर ती पडद्यावर येऊन गेली होती आणि मी तिची रुंदी मोजून पुढं गेले होते. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. बाईंनी रडू दिलं. नंतर मी तो शिक्का खिडकीबाहेर फेकायला निघाले, तर म्हणाल्या, "फेकू नका. खणात ठेवा. रोज दिसू दे."

त्यांनी वंदनाच्या घरी जायचं ठरवलं तेव्हा मी हातापाया पडले. व्यवस्थापकही धावत आले. "मॅडम, जाना है तो जाओ, पर लिखित में कुछ मत देना." बाई म्हणाल्या, "लिहून तर आपण आधीच दिलंय." दोन दिवसांनी आम्ही दोघी सहाआसनी रिक्षातून मसाटला गेलो. वाटेत मी विचारलं की मी काय बोलायचं. "जे झालं ते," एवढंच म्हणाल्या आणि पुढं सबंध रस्ता बाहेर बघत बसल्या. मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता.

चाळीतली एक खोली. वंदना भिंतीला टेकून बसलेली, सासू दाराशी, नवरा उभा. मी घोकून ठेवलेलं बोलायला सुरुवात केली. "वंदना, बाळ उताणं होतं ना, त्यामुळे त्याची पाठ आम्हाला दिसली नाही."

"पुन्हा," मागून आवाज आला.

मला वाटलं भास झाला. मी वळून बघितलं. बाई सतरंजीवर मांडी घालून बसल्या होत्या, हात गुडघ्यांवर, अगदी त्या खुर्चीत बसायच्या तशा. मी परत सुरुवात केली. "पाठ नीट दिसली नाही मला, आणि वीजही जात होती..."

"पुन्हा."

बाजूच्या खोलीत कुणीतरी बादली सरकवली. मी वंदनाकडे बघितलं आणि म्हणाले, "मी पाठ पाहिलीच नाही. मला घाई झाली होती. तुला परत बोलवायला हवं होतं, ते केलं नाही आणि नॉर्मलचा शिक्का मारला. डोक्यावरही खूण होती, तीही मी पाहिली नाही."

या वेळी "पुन्हा" आलं नाही. नवरा म्हणाला, "नऊ दिवस फिरलो आम्ही, मॅडम. नऊ दिवस," आणि बाहेर गेला. सासू पदर तोंडाशी धरून माझ्याकडे बघत राहिली. मग वंदनानं मला नाही, पुन्हाबाईंना विचारलं, "मंग मी गिऱ्हानमा वांगं कापं म्हनीसन नही व्हयनं ते?"

तेव्हा मला कळलं की या घरात काय चाललं होतं. गरोदरपणात एक ग्रहण आलं होतं. तिनं त्या वेळी वांगं चिरलं आणि बाळाची पाठ चिरली गेली, असं सासू म्हणत होती, माहेरचे म्हणत होते आणि ती स्वतः रोज स्वतःला म्हणत होती. पुन्हाबाई सरकत तिच्याजवळ गेल्या. म्हणाल्या, "नाही गं बाळा. ती फट पहिल्याच महिन्यात पडते, आपल्याला दिवस गेलेत हे कळायच्या आधी. ग्रहणानं नाही, वांग्यानं नाही, तुझ्यामुळे नाही. ती आमच्यामुळेही पडली नाही. पण ती आम्हाला आधी कळली असती. ते आमचं चुकलं." मग सासूकडे वळून त्यांनी हेच वाक्य सबंध पुन्हा एकदा सांगितलं. सासूनं मान हलवेपर्यंत त्या तिथून उठल्या नाहीत. निघताना वंदनानं माझा हात धरला. "पुढच्या टायमाला नीट पाहजा, ताई."

परतताना रिक्षात मी त्यांना विचारलं, तुमच्या हातून असं कधी झालंय का? "झालंय," त्या म्हणाल्या. मी वाट बघत राहिले. पण परत विचारलं नाही.

त्यानंतर सहा महिन्यांनी त्यांची मुदत संपली. निरोपाच्या दिवशी आम्ही हार आणला, जिग्नेशनं ढोकळा आणला, भाषण करा म्हटलं तर म्हणाल्या, "तक्ते संपत आलेत, नवे काढून घ्या." मण्यांची माळ कमळी सिस्टरना दिली. माझ्या हातात वंदनासाठी फोलिक ॲसिडच्या गोळ्यांची चिठ्ठी दिली: दिवस जायच्या आधीपासून द्यायच्या, तिला सांगायचं, विसरायचं नाही. जीप निघाली आणि मला हायसं वाटेल याची मी वाट बघत होते. उलट मी जीपच्या मागं फाटकापर्यंत धावत गेले. मला ती खडूस बाई फार आवडत होती, हे मला तेव्हा कळलं, आणि सांगायला जीप फाटकाबाहेर गेलेली.

पुढच्या वर्षी वंदना परत आली. अठरावा आठवडा. मी प्रोब ठेवला आणि बाळ उताणं. मला हसावं की रडावं कळेना. तिला फेऱ्या मारायला लावल्या, कुशीवर वळवलं, चहा पाजला. डोकं बघितलं, गोल होतं, लिंबू नव्हतं. तरी पाठ दिसली नव्हती. मी तक्ता घेतला आणि कण्यासमोर तिसऱ्या रकान्यात फुली मारली. तिला ती दाखवली आणि सांगितलं, हे मी पाहिलेलं नाही, परत यायचं. ती चार दिवसांनी आली. बाळ उताणंच. परत तिसरा रकाना. तिसऱ्या वेळी बाहेरच्या बायका कुरकुरायला लागल्या. जिग्नेश यंत्रामागून हळूच म्हणाला, "फरीथी," आणि त्याच मिनिटाला बाळानं कूस पालटली. मानेपासून शेपटीच्या हाडापर्यंत सगळे मणके ओळीनं पडद्यावर आले. मी उभे बघितले, आडवे बघितले, आणि एकही मणी गायब नाही ना म्हणून पुन्हा बघितले. "पाह्यलं ना, ताई?" वंदनानं विचारलं. "पाहिलं," मी म्हटलं. कमळी सिस्टरांनी तिचे डोळे पुसले आणि मग माझे.

त्याच संध्याकाळी मी पुण्याला पत्र टाकलं. आनंदाच्या भरात लिहिलं: 'मॅडम, वंदनाच्या बाळाची पाठ नॉर्मल आहे.' दहा दिवसांनी माझंच पत्र लिफाफ्यातून परत आलं. 'नॉर्मल' खाली लाल शाईची रेघ, आणि समासात त्यांच्या बारीक अक्षरात, 'म्हणजे काय पाहिलंत? पुन्हा.' मी इतकी भडकले की पत्र जिग्नेशपुढं आपटलं. माणसानं निदान एकदा तरी, एवढ्या एका पत्रापुरतं तरी, छान म्हणावं की नाही? दोन दिवस धुसफुसले. तिसऱ्या दिवशी बसून चार पानं लिहिली. मान, छाती, कंबर, माकडहाड. कोणत्या बाजूनं काय दिसलं, त्वचेची रेघ कुठं अखंड होती, बाळ कोणत्या कुशीवर होतं, सगळं. शेवटी लिहिलं की तिसऱ्या रकान्यात आता काही नाही. आणि ज्या दिवशी जीप फाटकाबाहेर गेली त्या दिवशी जे सांगायचं राहिलं होतं, तेही एका ओळीत लिहिलं.

उत्तर त्यांच्या भाचीचं आलं. बाई गेल्या होत्या. झोपेत, फारसं आजारपण न होता. टेबलावर टपाल पडलं होतं, त्यात माझा पत्ता सापडला म्हणून कळवते आहे, असं तिनं लिहिलं होतं. माझं पाकीट फोडलेलं होतं की बंदच होतं, याविषयी एक अक्षर नव्हतं. विचारावं म्हणून मी दोनदा कागद घेतला आणि दोनदा ठेवून दिला.

आता मीच नव्या मुलींना शिकवते. खणात तो शिक्का आहे, शाई कधीच वाळली. मुली माझ्यावर चिडतात, पाठीमागं मला काहीतरी नाव ठेवलंय, तेही मला माहीत आहे. त्यांच्यातल्या एकीनं परवा विचारलं, मॅडम, तुमच्या त्या बाईंनी ते चार पानी पत्र शेवटी वाचलं का हो? मी सवयीनं 'वाचलं असेल' म्हणणार होते. मग थांबले आणि खरं ते सांगितलं.

"मी पाहिलं नाही."